बर्फातून परत आलेला डबा

मी एक डबा बोलतोय. स्टीलचा, कडीचा, एका बाजूने चेपलेला. सतरा वर्षं मी हिमनदीच्या पोटात होतो. ज्याच्यासोबत तिथे गेलो, तो अजून तिथेच आहे.

धुळ्याच्या भांडीबाजारात ताईबाईंनी मला घेतलं आणि झाकणावर नाव घालून घेतलं: सुकदेव. त्यांचा एकुलता एक मुलगा. भूगर्भशास्त्र शिकलेला, हिमाचलात हिमनद्या मोजणाऱ्या पथकात नुकताच लागलेला. नरडाणा स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत ताईबाई खिडकीशी उभ्या होत्या. माझ्यात शेंगदाण्याची चटणी ठासून भरलेली.

"थंडीमा खाय बरं. अंगमा गरमी ऱ्हास."

पायथ्याच्या गावातून सुकदेव फोन करायचा, तेव्हा मी त्याच्या पाठीवरच्या पिशवीत असायचो.

"माय, आठे बरफनी नदी शे. चालस, पन दिसत नही."

"चालस त जास कोठे?"

तो हसायचा आणि सगळं नीट सांगत बसायचा. वर उंचावर पडलेलं हिम उन्हाळ्यात पुरतं वितळत नाही. त्यावर पुढच्या वर्षीचं पडतं, त्यावर त्याच्या पुढचं. ओझ्याखाली त्या भुसभुशीत हिमाचे साबुदाण्यासारखे दाणे होतात, दाण्यांमधली हवा पिळून निघते आणि वर्षानुवर्षांनी काचेसारखा घट्ट, निळसर बर्फ होतो. मग तो इतका जड होतो की स्वतःच्याच भाराने उताराला लागतो. काकवीसारखा आतल्या आत सरकतो आणि तळाशी पाणी असलं तर खडकावरून घसरतोही.

पथकाने हिमनदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेषेत बांबू रोवले होते. वर्षाने जाऊन पाहिलं तर रेष धनुष्यासारखी वाकलेली. मधले बांबू पुढे गेलेले, काठाचे खडकाला घासत मागे राहिलेले. त्या दिवशी सुकदेव लहान मुलासारखा नाचला होता.

पथकात जळगावची मोहिनी होती, त्याला वरिष्ठ. बर्फावर दोघं एकाच दोराला बांधलेले असत. त्या दुपारी शेवटचा बांबू दहा पावलांवर होता, दोर पुरत नव्हता, आभाळ भरून आलं होतं.

"सोड गाठ. पटकन मोजून ये," मोहिनी म्हणाली.

सुकदेवने गाठ सोडली. सातव्या पावलाला पायाखालचं हिमाचं पातळ छप्पर खचलं. खाली भेग होती. पिशवी फाटली, मी उडालो आणि वरच्याच एका कपारीत अडकलो. तो खाली गेला. खूप खाली. एकदाच त्याचा आवाज आला, "ताई!" मोहिनीला तो ताई म्हणायचा.

तीन दिवस त्यांनी दोर सोडले. चौथ्या दिवशी हिम पडलं आणि भेगेचं तोंड बुजलं.

पुढची वर्षं मी मोजली नाहीत. भेग हळूहळू मिटली, तिने मला चेपलं. बर्फ चालत होता, मी त्याच्यासोबत चालत होतो. कधी आतून लाकूड मोडल्यासारखा कडाका व्हायचा, की मी सुकदेवची चाहूल घ्यायचो. काही कळायचं नाही. पुढे आम्ही उतरत अशा भागात आलो, जिथे हिवाळा जेवढं देतो त्याहून जास्त उन्हाळा खातो. वरचा बर्फ वितळत गेला. मी वरच्या कपारीतला, म्हणून आधी उघडा पडलो.

मला उचललं मोहिनीने. ती दर वर्षी तिथे येत होती. झाकणावरच्या नावावरचा गाळ अंगठ्याने पुसला आणि ती तिथेच बर्फावर बसली.

मला घेऊन ती ताईबाईंच्या दारात आली. ताईबाई तोवर अठ्ठ्याहत्तरीच्या झाल्या होत्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या नवऱ्याच्या नावाची भरायच्या, सुकदेवच्या नावाची कधीच नाही. दीर छगनभाऊ दर वर्षी समजावून थकले होते.

"आई, गाठ सोडायला मीच सांगितलं होतं," मोहिनी म्हणाली. हे बोलायला तिला सतरा वर्षं लागली होती.

ताईबाई रागावल्या नाहीत, माफही केलं नाही. मला मांडीवर घेऊन एवढंच विचारलं, "तो कव्हय यी?"

"तो खोल आहे, आई. वीस-पंचवीस वर्षं लागतील. जास्तही."

"तोपावत मी ऱ्हासू नही. मंग त्याले कोन वयखी?"

मोहिनीने ओळखीच्या खुणा टिपायला कागद काढला.

"लिखी ले," ताईबाई म्हणाल्या. "डावा कानना मांगे तीळ शे. उजवा पायनी करंगळीले नख नही." मग म्हणाल्या, "तो सव्वीस वरीसनाच ऱ्हाई ना वं?"

"हो आई. तेवढाच."

तेव्हा ताईबाई रडल्या. कागदावर अंगठा उठवून त्यांनी तो माझ्यात ठेवला आणि मला मोहिनीच्या हाती दिलं. या आखाजीला त्यांनी दोन घागरी भरल्या. आषाढात त्या गेल्या.

आता मी मोहिनीच्या कचेरीत, खिडकीजवळच्या फळीवर आहे. पण तीही पन्नाशीला आलीय, म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. पुढे कधी तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला गेलात आणि वितळत्या बर्फात सव्वीस वर्षांचा मुलगा दिसला, तर आधी डाव्या कानामागे बघा. मग त्याला नावाने हाक मारा. माय वाट बघून गेली, हे मात्र लगेच सांगू नका.