हिशेबात न धरलेला टेम्पो

मित्रांनो, मी एक जुना टेम्पो आहे. जोगेश्वरीत आमच्या वस्तीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीजवळ जो निळा टेम्पो उभा असतो ना, तोच मी. निळा होतो, असं म्हणायला हवं. उन्हाने रंग पार उडालाय आणि माझ्या टपावर आता मांजरी झोपतात. झोपू देत बापड्या. त्यांचं ओझं मला होत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी म्हणजे नुसती केबिन आणि मागे उघडा सांगाडा. लाकडी बॉडी नंतर सुताराने बांधली. त्याआधी माझे मालक नाना दुसऱ्याचा ट्रक चालवत होते. मला घरी आणलं त्या दिवशी ते वस्तीभर सांगत फिरले, "आता मी कुणाचा नोकर नाही." त्यांच्या बायकोने, शकुबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातलं आणि मागच्या फाळक्यावर पेंटरकडून 'जय भीम' लिहून घेतलं. मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू!

काय दिवस होते ते! सकाळी आम्ही नाक्यावर नंबर लावायचो. भाडं द्यायला माणूस स्वतः यायचा. नाना त्याला चहा पाजायचे, दोघं मनसोक्त घासाघीस करायचे आणि मग हसत हसत सामान चढायचं. मी नव्या नवरीची कपाटं नेली, शाळेचे बाक नेले. आरे कॉलनीतल्या तबेल्यांना कडबा न्यायचो, तेव्हा अंगभर गुदगुल्या व्हायच्या. मालाडच्या एका आजींचं बिऱ्हाड हलवलं, तर त्या कढीपत्त्याची कुंडी मांडीवर घेऊन केबिनमध्येच बसल्या. कुंडी मागे ठेवायला काही केल्या तयार होईनात.

या सगळ्यापेक्षा मला प्यारी होती ती जयंती. दरवर्षी चौदा एप्रिलला वस्तीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांची तसबीर माझ्यावरच असायची. झेंडूच्या माळा, निळे झेंडे, मागे पोरांची ही गर्दी. त्या दिवसाचं भाडं नाना घेत नसत. कुणी विचारलंच तर रागवायचे.

पुढे नाका ओस पडला. भाडी मोबाइलवर येऊ लागली. टुंग वाजलं की लगेच घ्यायचं, नाहीतर दुसरा कोणी उचलतो. भाव उतरत गेले, चहा तर कधीच संपला. नाकेवाल्यांची एक समजूत असते, की परतताना रिकामं येऊ नये. डिझेलचे पैसे सुटले म्हणजे भाडं सुटलं. नानाही तसंच म्हणायचे. पडेल त्या भावात परतीचा माल घ्यायचे. माल तेवढाच, दाम निम्मा, आणि वाकायचो मी.

एका वर्षी जयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही भिवंडीला माल उतरवला. तिथून मालाडला लाद्या आणायच्या होत्या. भाडं देणारा आकाश म्हणून एक दलाल होता. सांगितल्यापेक्षा कितीतरी जास्त खोकी त्याने माझ्यावर रचली. चाकांवर ओझं पेलणारे माझे लोखंडी पाटे कण्हत होते. नाना क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "चल, डिझेल तर सुटतंय." घोडबंदरच्या चढावर माझा मागचा पाटा खाड्कन तुटला.

लाद्या दुसऱ्या गाडीत गेल्या आणि मला दोरखंड बांधून ओढत वस्तीत आणलं. पाट्यांचं काम करणारे दादू मिस्त्री आमच्याच वस्तीतले. जयंतीला त्यांचं दुकान बंद. मिरवणूक निघाली ती भाड्याने आणलेल्या टेम्पोवरून. तसबीर माझ्या समोरून गेली. नाना मागून पायी चालत होते. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मान खाली घातली. मित्रांनो, मला तेव्हा फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

शकुबाई संध्याकाळी तिथेच बोलल्या. "डिझेल सुटतं म्हणत होता ना? मग आता पाटा काय त्या लाद्या देणार?"

"रिकामं कसं यायचं गं?" नाना पुटपुटले.

"यायचं रिकामं! अहो, गाडी झिजते, टायर झिजतात, तुमची कंबर झिजते. तुमच्या हिशेबात गाडी कधी नव्हतीच. आणि तुम्ही तरी कुठे होता?"

दादूंनी नवा पाटा बसवला आणि तेव्हापासून आमच्याकडे रीत बदलली. आधी गाडीचा वाटा, मग डिझेल, मग नानांची मेहनत. एवढं सुटत असेल तरच भाडं. सोपं नव्हतं बरं का. पुष्कळ दिवस मी नुसता उभा राहिलो. शेजारचे विचारत, "काय नाना, गाडी पेन्शनीत काढली वाटतं?" नाना हसायचे, पण घरी जाताना पाय ओढत जायचे.

यंदाही जयंतीच्या आदल्या दिवशी फोन वाजला. आकाशच होता. मी आठवडाभर रिकामा होतो. नाना केबिनमध्ये बसले होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"नाना, भिवंडीचं परतीचं भाडं आहे. डिझेल सुटेल, झकास."

"आणि गाडीचं?"

"काय यार नाना! जयंतीला फुकट फिरवता, आणि माझ्या वेळी भाव करता?"

माझ्या स्टिअरिंगवर त्यांची बोटं घट्ट आवळलेली मला जाणवली. घेणार, असंच मला वाटलं.

"आकाश," ते हळूच म्हणाले, "जयंती भाडं नाही रे, घरचं काम आहे. तुझं भाडं आहे. तर भाड्यासारखं दे, नाहीतर राहू दे."

फोन ठेवून ते खाली उतरले. मग शकुबाई बादली घेऊन आल्या आणि दोघांनी मिळून मला धुतलं. फाळक्यावरची अक्षरं शकुबाईंनी स्वतः पुसून लख्ख केली.

मित्रांनो, माझी आता फार वर्षं उरली नाहीत. तुमच्या घरातही कुणीतरी गुपचूप ओझं वाहत असेल. एखादी सायकल असेल, किंवा आईच असेल. फायद्या-तोट्याचा हिशेब मांडाल तेव्हा त्यांनाही त्यात धरा. आम्ही मागत नाही, म्हणून आम्ही झिजत नाही असं समजू नका.

दुसऱ्या दिवशी तसबीर माझ्यावर चढली. नानांनी खाली वाकून पाटे पाहिले, हात फिरवला आणि फाळका लावला. शकुबाई पहिल्यांदाच केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसल्या. "चल रे," नाना मला म्हणाले, आणि मी एका हाकेत सुरू झालो.