मी गोठतो, पण खोटा नाही

मी मोहाचं तेल बोलतोय. निदान मला तरी तसं वाटतं. उन्हाळ्यात विचाराल तर छातीठोकपणे सांगेन, थंडीत मात्र माझा मलाच भरवसा नसतो.

कशेळ्याच्या वरच्या वाडीतल्या चिंधीने मोहाच्या बिया वेचल्या, फोडल्या, अंगणात वाळवल्या. घाण्यातून निघालो तेव्हा मी पिवळसर, पातळ होतो. तिने मला सरबताच्या जुन्या बाटलीत भरलं. बाटलीवर कोकमाचं चित्र. म्हणजे मी सरबत की काय? गोंधळ तिथूनच सुरू झाला. वाडीत मला भाजीतही घालतात आणि अंगालाही चोळतात. माझी जागा पोटात की पायात, हे कुणी धड सांगितलंच नाही.

भिसेगावच्या अनसूयाबाईंनी मला कशेळ्याच्या बाजारात घेतलं. बाई निवृत्त शिक्षिका. टाचांना भेगा पडून रक्त यायचं, मलमं लावून लावून दमल्या होत्या.

"कोमट पान्यात पाय बुडवा, पुसा, मंग लावा," चिंधी म्हणाली. "आमी अनवानी डोंगर चढतो. ही बगा माजी टाच."

महिन्याभरात बाईंच्या भेगा भरल्या. खरखरीत कोपरंही मऊ पडली. बाई मला 'माझं औषध' म्हणायच्या. मी भलताच फुगलो.

मग मार्गशीर्ष आला. एका सकाळी पाहतो तर मी पांढरा, घट्ट! बाटली उलटी केली तरी जागचा हलेना. बाईंची सून निवेदिता म्हणाली, "आई, यात डालडा घातलाय. फसवलं तुम्हाला." मला तेही खरं वाटलं. बाटलीतला तो पांढरा गोळा मीच की दुसराच कुणी?

बाजाराच्या दिवशी बाई तरातरा जीपमध्ये बसल्या. भर बाजारात चिंधीसमोर मला आपटलं. "भेसळ करतेस? लाज नाही वाटत?"

"बाई, थंडीत गोठतं त्ये. भेसळ नाय वो."

"मला शिकवू नकोस!"

माणसं जमली. हातात घेतलेल्या बाटल्या लोकांनी खाली ठेवल्या. चिंधीने टोपली उचलली आणि डोंगराची वाट धरली. मी तिथेच दगडावर राहिलो. मला ओरडून सांगायचं होतं, पण सांगणार काय? मी कोण ते मलाच ठाऊक नव्हतं.

दुपारी ऊन तापलं. परतीच्या जीपसाठी बाई त्याच वाटेने आल्या आणि थबकल्या. मी पुन्हा पिवळसर, पातळ झालो होतो. बाईंनी मला उचललं, उन्हात धरलं, हुंगलं. "अरे देवा," एवढंच म्हणाल्या आणि चिंधीच्या रिकाम्या जागेवर बसल्या.

त्याला तीन बाजार झाले. चिंधी आलेली नाही. बाई मात्र दर बाजाराला मला घेऊन तिच्या जागेवर बसतात. सकाळी माझा गोळा दाखवतात, दुपारी तेल दाखवतात. "चिंधी खरी होती, चूक माझी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. कुणी हसतं, कुणी विचारतं, "इकायचं हाय का?" बाई नकारार्थी मान हलवतात. चिंधी भेटेपर्यंत टाचांना मात्र मला लावत नाहीत. भेगा पुन्हा उघडल्यात. मला वाईट वाटतं. मी असून त्यांचे पाय दुखतात.

मी तेल की तूप, अजून कळलेलं नाही. पण तुम्ही वरच्या वाडीला गेलात तर चिंधीला एवढं सांगा, तुझी जागा बाईंनी धरून ठेवलीय.