कस्तुरबाईंचा तांब्या घर बघायला निघतो

जुना फिरकीचा तांब्या म्हणतात तो मीच, मित्रांनो. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलं नसेल, म्हणून आधी ओळख करून देतो. पितळेचं गोल पोट, आतून कल्हई, वर पेचाचं झाकण आणि हातात धरायला कडी. झाकण फिरवून घट्ट बसवलं की एस.टी. कितीही आदळो, माझ्यातलं पाणी सांडत नाही. हल्लीच्या प्लास्टिकच्या बाटल्यांनाही हे जमतं म्हणे, पण त्या दोन वर्षांत चिरतात. मी पन्नाशी ओलांडली आहे. याला कुणी बढाई म्हणेल, तर म्हणो बापडा.

पुण्याच्या तांबट आळीत एका कारागिराने ठोकून ठोकून मला आकार दिला. तिथून सुवालालजींनी मला घरी आणलं. निरगुडसर गावात त्यांचं किराणा मालाचं दुकान होतं. त्यांचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण आता घरात सगळे मराठीच बोलत. सुवालालजींचं नुकतंच लग्न झालं होतं आणि त्यांच्या पत्नी कस्तुरबाई उकळून गार केलेल्या पाण्याशिवाय दुसरं पाणी पीत नसत. जैन घरांत हा नियम पुष्कळ जण पाळतात. मग प्रवासात पाणी न्यायचं कशात? म्हणून मला घेतलं.

ते दिवस माझे फार छान गेले. माहेर असो, लग्नकार्य असो, कस्तुरबाईंच्या हातात मी असणारच. एस.टी.तल्या बायका विचारत, "कुठनं घेतला वो तांब्या?" आणि मला उगीच ताठ झाल्यासारखं वाटे. पुढे त्यांच्या मुलाने, जिनेशने, थर्मास आणला आणि मी साखरेच्या डब्यांमागे जाऊन पडलो. सात वर्षं कुणी मला हात लावला नाही. रुसलो होतो, खोटं कशाला बोलू? एके दिवशी थर्मास हातातून पडून फुटला, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.

आता कस्तुरबाईंच्या मनातली एक गोष्ट सांगतो. जैन साध्वींना त्या महासतीजी म्हणतात. या साध्वी गावोगाव पायीच फिरतात, गाडीत बसत नाहीत. कुणाच्याही दारी येतात आणि घरच्यांसाठी शिजलेल्या अन्नातलं थोडंसं घेतात. त्यांना बोलावून आणता येत नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम काही शिजवलं, तर ते त्या घेतही नाहीत. त्या आपणहून येतील तेव्हाच भाग्य उजळायचं. निरगुडसरला त्या वाटेने जाताना वर्षातून एखाद वेळी येत. तरी कस्तुरबाई सुनेला, चेतनाला, रोज सकाळी सांगत, "दार लोटू नको गं."

सुवालालजी गेले. पुढे जिनेशने जुन्नरला बी-बियाण्यांचं दुकान घेतलं आणि सगळ्यांनी तिकडेच राहायला जायचं ठरलं. सत्तरीच्या बाईने गाव सोडताना रडावं, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. कस्तुरबाई तर खुशीत होत्या. जुन्नरला स्थानक, म्हणजे जैन साधू-साध्वींच्या मुक्कामाची जागा आहे, तिथे चातुर्मासाचे चार महिने महासतीजी मुक्कामाला असतात. म्हणजे आपल्या दारी रोजसुद्धा येतील! हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला भरताना मात्र पुटपुटल्या.

मग आमची घरं बघायची मोहीम सुरू झाली. गाडीत पुढे जिनेश आणि चेतना, मागे नात टीना, कस्तुरबाई आणि त्यांच्या मांडीवर मी.

पहिला होता लेण्याद्री रस्त्यावरचा बंगला. चेतनाला पडवी आवडली. शेजारचे भगवंतभाऊ बांधावरून म्हणाले, "घर झ्याक हाय, राव. फकस्त दिवस कलला की पोरीला भायेर सोडू नका. उसात बिबट्याचा वावर हाय." टीना आमच्या आधी गाडीत जाऊन बसली.

दुसरं घर पेठेत, चिमाबाईंचं. चिमाबाई पश्चिमेच्या डोंगरातल्या. मुलाच्या नोकरीमुळे इथे येऊन त्यांनी हे घर घेतलं होतं आणि आता त्या वरच्या खोलीत राहत होत्या. खालचा भाग द्यायचा होता: दोन खोल्या, बारकं स्वयंपाकघर आणि रस्त्यावर उघडणारं दार. "वाईच टेका, आजी," म्हणून त्यांनी कस्तुरबाईंना खुर्ची दिली. पण गल्लीत चारचाकी शिरेना, आणि जिनेशच्या कपाळाला आठी पडली ती काही जाईना.

तिसरं घर म्हणजे नव्या इमारतीतला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. खिडकीतून शिवनेरी दिसायचा. ओटा एवढा लांब की चेतना त्यावरून हात फिरवतच राहिली. आणि मुख्य म्हणजे लिफ्ट होती. जिनेश हरखून म्हणाला, "आई, तुझ्या गुडघ्यांची आता काळजीच मिटली बघ!"

कस्तुरबाई म्हणाल्या, "छान आहे." पण माझी कडी त्यांनी इतकी घट्ट आवळली की त्या मनातून राजी नाहीत, हे मला कळून चुकलं.

फ्लॅटच घ्यायचा ठरला आणि विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, द्यायच्या दिवशी आम्ही पुन्हा तिथे गेलो. "तुमी व्हा फुडं, मी आलेच," असं म्हणून कस्तुरबाई खालीच थांबल्या. लिफ्टचं दार लागलं आणि त्या जिन्याकडे वळल्या. एका हातात कठडा, दुसऱ्या हातात मी. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्याला त्या दोनदा थांबल्या. तिसऱ्यावर पोचल्या आणि पायरीवरच बसल्या. माझं झाकण फिरवायलाही हातात जोर उरला नव्हता. मला त्यांची फार दया आली, पण तांब्याने करावं तरी काय?

वर आई आली नाही म्हणून जिनेश जिन्याने धावत खाली आला.

"आगं आई, लिफ्ट आसताना जिना कशाला चढलीस? तुझ्या गुडघ्यांसाठीच तर हे घर बघितलं ना!"

त्याने झाकण फिरवून दिलं, तेव्हा कस्तुरबाई आधी पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "म्हासतीजी कुठं लिफ्टमधी बसत्यात? त्यांच्यात बी माझ्यायेवढ्या आसत्यात की रे. त्यांना किती चढावं लागंल, ते बघत व्हते."

 साध्वी लिफ्टमध्ये बसत नाहीत हे जिनेशलाही लहानपणापासून ठाऊक होतं. पण घर बघताना त्याने आपल्या माणसांचाच विचार केला होता, दारी येणाऱ्यांचा नाही. तो आईशेजारी पायरीवर बसला.

"मंग आदी का न्हाई बोललीस?"

"तू माझ्यासाठीच एवढं शोधलंस. तुझं मन कसं मोडू?"

एव्हाना चेतनाही खाली आली होती. तिने सगळं ऐकलं. तिला तो लांब ओटा किती आवडला होता, हे मी पाहिलं होतं. तरी ती म्हणाली, "चिमाबाईंचंच घेऊ. पर सैपाकघराची खिडकी मोठी करून द्यायची. अंधारात मी भाकऱ्या थापनार न्हाई."

"देतो की," जिनेश म्हणाला. खिडकी मोठी करायला चिमाबाईंनीही लगेच होकार दिला. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावायची सवय जिनेशला आठवडाभरात झाली.

आषाढी पौर्णिमेला चातुर्मास सुरू झाला. रोज सकाळी दार उघडं. एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. साध्वी गल्लीच्या तोंडावरून पुढे जात. बोलवायचं तर नसतंच. जिनेश मनातून खट्टू झाला. कस्तुरबाई म्हणाल्या, "येत्याल. आपन दार उघडं ठिवायचं, येवढंच."

नवव्या दिवशी एका तरुण साध्वीच्या आधाराने एक वृद्ध महासतीजी आत आल्या. जिनेश चहा संपवून दुकानात निघतच होता, तो तसाच हात जोडून उभा राहिला. चेतनाने भाकरी दिली, त्यांनी अर्धीच घेतली. कस्तुरबाईंनी मला उचललं आणि उकळून गार केलेलं पाणी त्यांच्या पात्रात ओतलं. एक थेंबही सांडला नाही.

निघताना महासतीजी म्हणाल्या, "बाई, आता माझ्याच्यानं जिना चढवत नाही. वरच्या मजल्यांवरची घरं राहूनच जातात."

त्या गेल्यावर जिनेशने वाकून आईच्या पायांना हात लावला. का, ते टीनाला कळलं नाही. मला कळलं.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, कामासाठी दुसऱ्या गावी जाल, घरं बघाल. पाणी बघा, उजेड बघा, शाळा जवळ आहे का तेही बघा. आणि एकदा जिन्याने चढून बघा, थकून येणाऱ्या माणसाच्या पायांनी. राहता राहिलो मी. मला वर्षातून एकदा कल्हई केलीत आणि चिंच लावून घासलंत, तरी माझं भागेल. दारी आलेल्याला पाणी मात्र रोज द्या.