शिंगातली गाठ

बोरखडीच्या पारावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. घाटंजीचा बाजार आटोपून लोक बैलगाड्यांसकट थेट इकडेच आले होते. मधोमध शिंगीबाबा बसला होता. अंगाला राख, कमरेला वस्तरा, हातात बैलाचं पोकळ शिंग. दुखऱ्या जागी तो वस्तऱ्यानं चीर पाडायचा, शिंगाचं रुंद तोंड तिथं दाबायचा, टोकाच्या भोकातून जोरानं ओढायचा आणि परातीत थुंकायचा. उकंडा नावाच्या गड्याच्या गुडघ्यातून त्यानं खिळा काढला. एका म्हातारीच्या पोटातून केसांचा गुंता काढला. परातीत टण्णकन आवाज झाला की बायका कपाळ जमिनीला टेकत.

"डाक्टर चमडी देखे, बाबा अंदर देखे! डाक्टर सुई टोचे, बाबा रोग खींचे!" तो ओरडायचा.

लोकांच्या अंगातला खिळा दिसणाऱ्या या बाबाच्या तळपायाला कुरूप होतं. तो लंगडत चालायचा. ते मात्र त्याला खेचता येत नव्हतं.

हे एकोणीसशे एकसष्ट सालचं. मी गावच्या शाळेत मास्तर होतो. पाच वर्षांपूर्वी आम्ही बौद्ध झालो आणि मेलेली जनावरं ओढायचं काम आमच्या घरानं सोडलं. माझी आई तुळसाबाई विधवा, पण कोणापुढे वाकायची नाही. गावातल्या काही जणांना ते सलत होतं.

दुपार कलली तशी वामनरावांची सून वच्छला पारावर आणली गेली. वामनराव गावातले मोठे शेतकरी. वच्छलाला लग्नानंतर तीनदा दिवस गेले आणि तिन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत पोट पडलं. कापूस वेचायला ती माझ्या आईच्या ओळीत असायची. एके काळी सगळ्यांच्या पुढे वेचत जाणारी ती पोरगी आता झाडाखाली बसून राहायची. चेहरा सुजलेला, केस मूठमूठ गळत होते, आवाज घोगरा झाला होता. भर उन्हात ती घोंगडी पांघरायची. आणि गळ्यावर, घाटीच्या खाली, लिंबाएवढी गाठ आली होती.

बाबानं गाठीला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"अरे बाप! गर्भ खानेवाली इथंच बसली हाये!"

घनश्यामनं, तिच्या नवऱ्यानं, तिचे हात धरले. बाबानं शेजारची लोखंडी साखळी उचलली.

"बोल, कोण हायेस तू?"

"मी वच्छला."

साखळी पाठीवर बसली. चोळी फाटली.

"झूठ! कोण हायेस?"

"वच्छलाच हावो, बाप्पा! कायले मारता?"

पुन्हा साखळी. मग निखाऱ्यावर लाल मिरच्या टाकून तिचं तोंड धुरावर दाबलं. ती ओकली, गुदमरली, पाय झाडू लागली. लोक म्हणत होते, "पाहा, हडळ कशी तडफडून राह्यली!" मिरचीच्या धुरात कोणीही तडफडतं, हे मी ओरडून सांगत होतो. ऐकायला कोणाचे कान मोकळे नव्हते.

वस्तरा गळ्यावर फिरला. रक्ताची धार लागली. बाबानं शिंग दाबलं, गाल आत ओढले आणि परातीत एक लाल लिबलिबीत गोळा थुंकला. त्यात केस गुंडाळलेले होते.

"अर्धी गाठ निघाली! अर्धी अजून अंदर हाये. जिनं करणी केली, ती समोर आल्याबिगर निघत नाही. घर पश्चिमेले. मर्द मेलेली. देव सोडलेली."

गर्दीचे डोळे पश्चिमेकडच्या आमच्या वस्तीकडे वळले. मग वामनराव ओरडले, "तुळसा! तिनंच सूनबाईले चिंचा देल्त्या!"

दिवस गेलेल्या पोरीला चिंच खावीशी वाटली आणि आईनं ओंजळभर दिली, एवढाच तिचा अपराध. लोक धावले. मी आडवा गेलो, तर कोणीतरी कुंपणाची काठी माझ्या डोक्यात घातली. मी उठेपर्यंत आईला केसांना धरून पारापर्यंत ओढत आणलं होतं. एकानं बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसून हाणली. आईनं डोकं वाचवायला हात वर केला आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"माय, कबूल कर!" कोणीतरी म्हणालं.

"काय कबूल करू?" आई कण्हत म्हणाली. "चिंच?"

बाबानं पाणी मागितलं, चूळ भरली, झोळीतलं फडकं काढून तोंड पुसलं आणि वच्छलाची उरलेली गाठ ओढायला शिंग उचललं.

"थांब!" मी ओरडलो. माझ्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. "शिंग लावायच्या आधी तोंड उघडून दाखव!"

"मास्तर, तू बी करणीवालीचाच!" म्हणत दोघांनी मला खाली पाडलं आणि लाथा घातल्या.

पण वच्छलानं माझं बोलणं ऐकलं होतं. ती बाबाच्या अगदी हनुवटीखाली पडली होती. शिंग अजून तिच्या गळ्याला टेकलंही नव्हतं आणि तिला त्याचा डावा गाल फुगलेला दिसला. घनश्यामची पकड सैल झाली होती. तिनं हात सोडवून घेतला आणि सरळ बाबाच्या तोंडात बोटं घातली. तो कचकन चावला. ती किंचाळली, पण बोटं काढली नाहीत. गालातला गोळा ओढून तिनं भुईवर आपटला.

"हे पाहा! माह्या गळ्यातलं नाही हे! याच्या थोबाडातलं हाये!"

कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यात बांधलेले केस होते ते, रक्तात माखलेले. मी झोळी उपडी केली. खिळे, केसांच्या गुंडाळ्या आणि तसलेच आणखी गोळे मातीत पडले. चूळ भरताना तोंड रिकामं दाखवायचं आणि तोंड पुसताना फडक्यातून गोळा गालात सरकवायचा, एवढाच चमत्कार होता.

मग तीच गर्दी बाबावर तुटून पडली. तीच उभारी, तीच साखळी. मी कसाबसा मधे गेलो. "मारू नका! पोलिसांच्या हवाली करा! घटकाभरापूर्वी माझ्या आईला असंच मारत होतात, तेव्हा तरी खरंखोटं विचारलं होतं का कोणी?" हात खाली आले. माना वर आल्या नाहीत.

आईला आणि वच्छलाला एकाच गाडीत घालून मी घाटंजीला दवाखान्यात नेलं. तिथल्या इंदूबाई डॉक्टरांनी वच्छलाची जखम शिवली, आईचा हात बांधला. मग वच्छलाची नाडी धरून त्या बराच वेळ बसल्या.

"थंडी वाजते? थकवा येतो? पाळी जास्त जाते?"

वच्छला प्रत्येक वेळी मान हलवत होती.

"ही गाठ म्हणजे थायरॉइड नावाची ग्रंथी. ती माझ्याही गळ्यात आहे, या मास्तरांच्याही आहे. ती शरीराची चूल चालवते. तुझी चूल विझत आलीये, पोरी. अशानं गर्भ टिकत नाही बऱ्याचदा."

"मंग हडळ नाही?" घनश्यामनं विचारलं. तो चालत मागोमाग आला होता.

"हडळ नाही. पोट पडण्याची दुसरीही कारणं असतात, तपासल्याशिवाय कळत नाहीत. पण वस्तरा आणखी थोडा खोल गेला असता ना, तर ही रक्त जाऊन मेली असती. तुम्ही हात धरले होते म्हणे?"

घनश्यामनं दोन्ही हात पाठीमागं नेले.

नागपूरला तपासणी झाली. आजार तोच निघाला. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. हळूहळू सूज उतरली, आवाज मोकळा झाला, वच्छला पुन्हा वेचणीला आली. पुन्हा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरांनी औषध वाढवलं आणि दर महिन्याला बोलावलं. महिने भरले आणि मुलगी झाली. बाबाला शिक्षा झाली. आईचा हात मात्र वाकडाच बसला.

पोर महिन्याची झाली तेव्हा वामनराव तिला घेऊन आमच्या दारात आले. आमच्या उंबऱ्याशी ते पहिल्यांदाच उभे होते.

"तुळसाबाई, चुकलं आमचं. पोरीले आशीर्वाद दे."

आईनं पोरीच्या गालावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माह्या आशीर्वादानं काही होत नाही, वामनराव. माह्या शापानंबी झालं नव्हतं. माहा हात काठीनं मोडला. हे लेकरू औषधानं जगलं. प्रत्येक गोष्टीले कारण असते. आता दुसऱ्या कोण्या बाईचं पोट पडलं, तर काठी शोधू नका. कारण शोधा."