नकाशातला हिरवा भाग

आढावा बैठकीत साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं आणि थोरलीनं चहाचा कप खाली ठेवला. नदीपलीकडचा भाग हिरवा रंगवला होता. हिरवा म्हणजे सलग तीन वर्षं तिथल्या तिथं मलेरियाची लागण झालेला एकही रुग्ण नाही. तो भाग तिच्या धाकट्या बहिणीकडे होता. नदीअलीकडचा भाग थोरलीकडे होता, आणि तो लालभडक होता.

दोघीही मलेरिया निरीक्षक. धाकटीला या नोकरीत आणलं थोरलीनं, डासाच्या अळ्या ओळखायला शिकवलं तेही थोरलीनंच. आणि आता साहेब म्हणत होते, "पुढच्या महिन्यात तपासणी पथक येऊन या भागाला मलेरियामुक्त जाहीर करेल. बाकीच्यांनी शिका जरा!" 'बाकीचे' म्हणजे कोण, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, माझं नशीब गं. तुझ्याकडे वस्ती केवढी दाट..."

"पुरे," थोरली म्हणाली. बहिणीनं मिरवलं असतं तर बरं झालं असतं. तिचा हा समजूतदारपणाच जास्त झोंबला.

त्याच आठवड्यात थोरलीच्या भागातल्या दवाखान्यात एक वेल्डर कुडकुडत आला. रक्तात मलेरियाचे जंतू निघाले. पत्ता विचारला, तर नदीपलीकडचा! थोरलीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. समोर माणूस तापानं फणफणलाय आणि आपण खूश होतोय, याची लाजही वाटली. पण त्या लाजेनं हात काही थांबला नाही. वेल्डरला गोळ्या सुरू करून तिनं फोन उचलला. बहिणीला नव्हे, थेट साहेबांना लावला.

"सर, पलीकडचा रुग्ण सापडलाय. बहुतेक तिथलीच लागण."

"अरे देवा! नीट खात्री करा. तसं असेल तर पथक थांबवावं लागेल."

खात्री करायला ती स्वतःच निघाली. वेल्डरच्या गल्लीत शिरली आणि दिसेल त्या पाण्यात डोकावत सुटली. टाक्या, पिंपं, कुंड्यांखालच्या ताटल्या. एक अळी, एकच सापडू दे! पण प्रत्येक टाकीला घट्ट झाकण, प्रत्येक ताटली कोरडी. वेल्डरची सासू दारातूनच ओरडली, "अहो बाई, शोधून दमाल! आमची निरीक्षकबाई झाकण उघडं दिसलं तर घर डोक्यावर घेते."

आपण नदीअलीकडच्या निरीक्षक, एवढं सांगून थोरलीनं विचारलं, "जावई रात्री कुठं झोपतात?"

"महिना झाला, घरचं तोंड पाहिलं नाही त्यानं. तुमच्या बाजूला बोटी दुरुस्त करतात ना, तिथंच काम आणि तिथंच झोप."

तुमच्या बाजूला. थोरली तशीच माघारी फिरली आणि बोटींच्या कारखान्यात गेली. दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या बोटींच्या तळाशी पाणी साचलं होतं. तिनं अळ्या तपासायची पळी बुडवली. अळ्या वळवळत होत्या. पुढच्या बोटीतही तेच. शेजारच्या पत्र्याच्या खोलीत आणखी दोघे कामगार तापानं पडले होते.

गप्प बसली असती तर धाकटीचा भाग मलेरियामुक्त जाहीर होणं लांबलं असतं. पत्ता तर तिकडचाच होता. थोरली बोटीच्या सावलीत बराच वेळ उभी राहिली. तापानं पडलेल्या दोघांपैकी एक जण खोलीतून म्हणाला, "बाई, आमचं पण रक्त बघता का?" तेव्हा ती भानावर आली. आधी दोघांचं रक्त घेतलं, मग साहेबांना फोन केला. "सर, माझं चुकलं. लागण माझ्याच भागातली आहे."

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "साहेबांनी सांगितलं सगळं. माझी माणसं घेऊन येऊ का?"

नको, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण बोटी पुष्कळ होत्या आणि तिच्याकडे हात कमी. "ये," ती म्हणाली.

सकाळी धाकटी सलवार खोचून बोटीत उतरली आणि पाणी उपसू लागली. कामगार तिलाच मोठ्या बाई समजून विचारत होते. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, तरी ती शेजारच्या बोटीत औषध फवारत राहिली.

दुपारी डबा खाताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मलेरियामुक्त जाहीर झालं की माझी निम्मी माणसं कमी करणार आहेत. रोग नाही तर माणसं कशाला, म्हणतात. आणि उद्या पुन्हा कुणी ताप घेऊन आला तर?"

थोरलीचा घास हातातच राहिला. हिरव्या रंगामागे हेही असेल, असं तिच्या मनातच आलं नव्हतं. "मी साहेबांशी बोलते," ती म्हणाली. "ती माणसं इकडे मागून घेते. तुला लागली तर नदी ओलांडून येतील."

"तू बोलशील? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? मला हवीत म्हणून!"

साहेबांनी हो म्हटलं. धाकटीचा भाग ठरल्याप्रमाणे मलेरियामुक्त जाहीर झाला. वर्षभरात थोरलीच्या भागातलं दर हजार लोकांमागं रुग्णांचं प्रमाण निम्म्यावर आलं. बैठकीत साहेब खुशीत म्हणाले, "बघा, धाकट्या बाईंची माणसं तिकडे गेली आणि काय फरक पडला!"

थोरलीला हे पुन्हा झोंबलं. पण या वेळी धाकटीच ताडकन उभी राहिली. "सर, ती आता ताईची माणसं आहेत."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. हिला मोठेपणासुद्धा माझ्याआधी सुचतो, या विचारानं तिचा जीव जळला, आणि तिनं बहिणीला हात धरून आपल्या शेजारी बसवलं.