मी घमेलं, साहेबांच्या श्रमदानातलं

मित्रांनो, बुडाला भोक पडलेलं, कडा वाकलेलं लोखंडी घमेलं मी. आज कोंबड्या माझ्यातले दाणे टिपतात, त्याचं मला काही वाटत नाही. पण एकदा मला झेंडूचा हार घातला होता, ते आठवलं की अजून शिसारी येते.

नांदेडला पत्रा ठोकून मला घडवलं. बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मला आखाडा बाळापूरजवळच्या तलावाच्या कामावर आणलं. तिथे चांगुणाच्या डोक्यावर माझी जागा ठरली. बौद्ध वस्तीतली ही बाई अंगानं काटकुळी, पण कामाला खमकी. घरी म्हातारी सासू आणि दोन लेकरं. चांगुणाच्या मजुरीवरच त्यांची चूल पेटायची. तिच्यासोबत दिवसभर खपताना आपण कुणाच्या तरी कामी येतोय, याचा मला अभिमान वाटे.

माती खणताना बाया खड्ड्याच्या मधोमध मूळ जमिनीचा एक खांब तसाच सोडत. त्याला त्या साक्षीदार म्हणत. शनिवारी मिस्त्री त्या खांबाच्या उंचीवरून खड्ड्याची खोली मोजी आणि त्या मापाप्रमाणे मजुरी मिळे.

एका शुक्रवारी जिल्ह्याच्या गावाहून एका कचेरीची माणसं जीप भरून श्रमदानाला आली. सोबत फोटोवालाही होता. त्यांनी मला कुंकू लावलं, हार घातला आणि रिकामंच डोक्यावर घेऊन एकेकानं फोटो काढून घेतला. त्यांच्या सुवासिक तेलाचा वास माझ्या पत्र्याला चिकटून राहिला. मग त्यांनी बायांच्या प्यायच्या घागरीत हात घालून हात धुतले. त्या वर्षी ते पाणी बाया कोसभरावरून आणत होत्या.

हेडक्लार्क व्यंकटरावांना काहीतरी खरं काम करायची हुक्की आली. चांगुणाच्या खड्ड्यातला तो उंचवटा त्यांच्या नजरेत भरला. त्यांनी कुदळ उचलली.

"साहेब, ते पाडू नका," चांगुणा पुढे होत म्हणाली. "आमचं माप त्याच्यावरच हाये."

"बाई, आज तुम्ही बसा," व्यंकटराव हसून म्हणाले. "आज आमचा दिवस आहे."

चार जणांनी मिळून खांब पाडला, कडाही ढासळवल्या आणि सगळी माती खड्ड्यातच पसरून दिली. टाळ्या झाल्या. मग चहा-चिवडा झाला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं खड्डा पाहिला. साक्षीदार न्हाई, तर मी काय लिहू, म्हणाला. त्यानं अंदाजानं निम्मंच माप धरलं.

आठवड्यानं तीच मंडळी कचेरीत जमवलेले जुने कपडे वाटायला आली. व्यंकटरावांनी चांगुणापुढे एक विटकं लुगडं धरलं, पण तोंड फोटोवाल्याकडे.

"मला लुगडं नको, साहेब," चांगुणा म्हणाली. "तुमी पाडलं तेवढं माझं माप भरून द्या."

व्यंकटरावांना राग आला. गरिबाला माज असतो, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी ते लुगडं शेजारणीच्या हातात कोंबलं. फोटो तिचा निघाला. चांगुणाच्या घरी त्या आठवड्यात दिवसातून एकच वेळ चूल पेटत होती.

त्यानंतर लांबून जीपचा धुरळा दिसला की चांगुणा मला खाली टाकायची आणि आपल्या नव्या खड्ड्यातल्या साक्षीदारावर जाऊन बसायची. साहेब परत जाईपर्यंत ती उठायची नाही.

मित्रांनो, तुम्हीही मोठे व्हाल, कुणाच्या तरी मदतीला जाल. जरूर जा. पण तुम्ही येताना दिसल्यावर कुणी आपलं काही राखायला धावत नाही ना, तेवढं आधी बघा.