चौथं शेपूट

आठवीत असताना मी आणि माझी मैत्रीण बाळीने एक भाषा केली, आणि त्याला कारण आमच्या गावातली, शेणव्यातली माणसं. माझं लग्न ठरल्याची आवई उठली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी एकानेही काही पाहिलेलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं.

म्हणून आमच्या भाषेत प्रत्येक वाक्याला शेपूट. स्वतः पाहिलं असेल तर ‘पा’, कुणाकडून ऐकलं असेल तर ‘ऐ’, नुसतं वाटत असेल तर ‘वा’. पुढे होणाऱ्या गोष्टीला कायम ‘वा’च, कारण उद्याचं कुणी पाहिलंय? जी बिनशेपटाचं बोलेल तिने दुसरीचं दप्तर घरापर्यंत वाहायचं. नियम सगळे माझे. शब्द बहुतेक बाळीचे, तिच्या आदिवासी पाड्यावरच्या बोलीतून वाकवून घेतलेले. कॉलेजात गेलो तरी ही भाषा येणाऱ्या जगात आम्ही दोघीच होतो.

गेल्या मंगळवारी शहापूरच्या स्टँडवर बाळी म्हणाली, “वाघोबा देव आमचं शेत राखतो पा.”

“तू पाहिलंस? ऐ लाव.”

“रोज सकाळी शेत जाग्यावर असतं. ते बघतेच ना मी.”

“ते शेत पाहिलंस, वाघोबा नाय. ऐ लाव, नायतर वा.”

मी बौद्ध घरातली. पडताळल्याशिवाय काही मानायचं नाही, हे पप्पांनी मला घासाघासाबरोबर भरवलंय. त्या दिवशी मात्र मी काही पडताळत नव्हते. मला जिंकायचं होतं.

“तुज्या भाषेत माजं घर मावत नाय गो,” बाळी साध्या मराठीत म्हणाली आणि एसटीत एकटीच पुढे जाऊन बसली.

चार दिवस तिने फोन उचलला नाही. सोमवारी ती नर्सिंग शिकायला मुरबाडच्या हॉस्टेलवर जाणार होती. अशीच रुसून गेली तर पुन्हा बोलेल की नाही, या विचाराने मला जेवण जाईना. एकदा आरशासमोर एकटीच आमच्या भाषेत बोलून पाहिलं. वेड्यासारखं वाटलं. मला बाळी हवी होती, भाषा गेली खड्ड्यात.

शनिवारी जुनी वही काढली. पहिल्याच पानावर माझं पहिलं वाक्य, मोठ्या अक्षरांत: ‘आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली पा.’

आजोबा तर मी जन्मायच्या आधीच गेले. मी पाहिलाय तो भिंतीवरचा फोटो. तरी त्या वाक्याला ‘ऐ’ लावायला माझा हात धजेना. ते काय मी नाक्यावर ऐकलं होतं? आमचं शिक्षण, पप्पांची नोकरी, माझं नाव, सगळं त्या एका वाक्यातून आलेलं. आणि शेजारी बाळीने हिरव्या पेनाने बरोबरची खूण केली होती. इतक्या वर्षांत तिने एकदाही विचारलं नाही, तू कधी पाहिलंस म्हणून. मला स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी तिच्या पाड्यावर गेले. तिची आई, प्रेमाकाकी, चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. बाळी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही. मी वही तिच्या मांडीवर ठेवली. आजोबांच्या वाक्यातला ‘पा’ खोडून मी ‘घ’ लिहिलं होतं. खाली वाघोबाचं वाक्य, त्यालाही ‘घ’.

“ह्ये काय?”

“चौथं शेपूट. घरातून आलेलं. डोळ्यांनी पाहिलेलं नाय, पण ऐकीव पण नाय. ज्याच्यावर आपण वाढलो, ते.” मग जे बोलायला आले होते ते बोलले. “माझं चुकलं, बाळी.”

तिने दोन्ही वाक्यांवरून बोट फिरवलं. तेवढ्यात प्रेमाकाकीने आमच्यासमोर दोन ताटल्या ठेवल्या. दोन्हींत भाकरी आणि सुकटीची चटणी, मला आवडते तशी.

“मी येणार हे काकींना कसं कळलं?”

“मीच सकाळी सांगितलेलं,” बाळी म्हणाली. काय सांगितलेलं ते मग तिने आमच्या भाषेत सांगितलं. “मनस्वी आज येणार...”

पुढचा ‘वा’ मी मनात लावूनही टाकला होता.

“...घ,” ती म्हणाली, आणि माझी ताटली माझ्याकडे सरकवली.